बर्फ बघायचा नसतो

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरलेला निरोप येतो : 'कुणाकडे सहा-सात वर्षांच्या मुलाचे स्नो बूट आहेत का? पंधरा दिवसांसाठी हवेत.' आमच्या घरचं एक गुलाबी जाकीट असंच फिरतं आहे. आधी थोरलीसाठी घेतलं, मग ते तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीबरोबर फिनलंडला गेलं, गेल्या वर्षी बी विंगमधल्या जुळ्यांपैकी एकीबरोबर जपानला. परत आलं की धुण्याआधी मी खिसे तपासते. एकदा रोपवेचं तिकीट निघालं, एकदा अर्धं खाल्लेलं चॉकलेट, एकदा नुसता एक काळा दगड. त्या सहलींचे फोटो मी पाहिले होते. दगड कुठल्याच फोटोत नव्हता.

जाकीट परत करायला आलेल्या आयांशी झालेल्या गप्पा, त्यांच्या मुलांची उलटतपासणी आणि आमच्या स्वतःच्या दोन सहली, एवढ्या भांडवलावर हा आढावा घेते आहे. प्रश्न साधा आहे. मुलांना घेऊन हिवाळ्यात परदेशी जायचं तर केव्हा, कुठे, कोणत्या वयात? आणि एवढा खर्च करून मुलांना त्यातलं नक्की काय मिळतं?

आपल्याकडे या प्रवासाची घडी मोठ्यांनी मोठ्यांसाठी बसवली. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' १९६० मध्ये आलं तेव्हा युरोप ही बहुतेकांसाठी पुस्तकातच करायची वारी होती. पुढे १९८४ मध्ये केसरी पाटलांनी मुंबईत सहल कंपनी काढली, मागून आणखी निघाल्या, आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर व रात्रीचा वरणभात यांच्या भरवशावर ठाण्या-डोंबिवलीची, सांगली-कोल्हापूरची माणसं आल्प्सपर्यंत पोचली. या कंपन्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. पण त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत मूल येतं ते दरपत्रकात : 'एक्स्ट्रा बेडशिवाय' आणि 'एक्स्ट्रा बेडसह'. मराठी प्रवासवर्णनांतही मूल फारसं भेटत नाही. लेखक एकटा असतो, फार तर सपत्नीक. त्यामुळे मुलाच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवरून, हिवाळा कसा दिसतो हे आपल्याला आधी कुणी सांगितलेलंच नाही. तिथून डोंगर दिसत नाहीत. बुटांनी तुडवलेला बर्फ दिसतो, आणि तो खाता येईल का हा पहिला प्रश्न पडतो.

मोठ्यांना बर्फ बघायचा असतो, मुलांना त्यात लोळायचं असतं. या एका फरकावर बहुतेक सहली बिघडतात.

हिवाळी सुट्टीचा इतिहास पाहिला तर तो मुलांच्या बाजूने साक्ष देतो. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला योहानेस बाद्रुट नावाचा हॉटेलवाला होता. त्याच्याकडे इंग्रज पाहुणे फक्त उन्हाळ्यात येत. १८६४ मध्ये त्याने त्यांच्याशी पैज लावली अशी तिथली प्रसिद्ध कथा आहे : हिवाळ्यात या, ऊन आवडलं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे नाताळाला आले आणि वसंत ऋतू लागेपर्यंत हललेच नाहीत. तोवर आल्प्समध्ये हिवाळ्यात मुद्दाम जावं हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. रिकामा वेळ भरपूर, म्हणून ही मंडळी स्थानिकांच्या लाकडी घसरगाड्या घेऊन उतारावर घसरू लागली. १८८३ मध्ये दाव्होसला तर घसरगाड्यांची आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली. थोडक्यात, ही सुट्टी ज्यांनी शोधून काढली ती माणसं एका गावात मुक्काम ठोकून दिवसभर घसरत होती. 'आठ दिवसांत चार देश' ही भानगड फार नंतरची.

आता पंचांगाची अडचण. महाराष्ट्रातल्या शाळांना खरी ऐसपैस सुट्टी दिवाळीची, आणि दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. आल्प्समध्ये हे दिवस दोन हंगामांच्या मधले असतात. उन्हाळ्याचे पर्यटक गेलेले, बर्फाचे अजून आलेले नाहीत. कितीतरी रोपवे देखभालीसाठी बंद असतात, डोंगरातली अनेक हॉटेलं कुलूप लावून मालक स्वतःच सुट्टीवर गेलेले असतात. पाऊस, धुकं आणि पिवळं गवत. उंचावरच्या हिमनदीवर बर्फ बारमाही असतो, म्हणून 'दिवाळीत बर्फ' अशी जाहिरात खोटी नसते. फक्त तो बर्फ दोन तास भेटतो आणि मग खाली पावसात छत्री उघडावी लागते.

उरली नाताळची सुट्टी. तीही सगळ्या शाळांना सारखी नाही. कुठे दहा दिवस, कुठे नुसता २५ डिसेंबर. आणि तिच्यातही एक मेख आहे. जर्मनीतले ते प्रसिद्ध नाताळ बाजार, लाकडी टपऱ्या, गरम वाइनचे वाफाळते पेले, आल्याच्या बिस्किटांची घरं, हे सगळं नाताळापूर्वीचं असतं. न्यूरेंबर्गचा बाजार आणि १४३४ पासून भरणारा ड्रेस्डेनचा बाजार, दोन्ही २४ डिसेंबरला आटोपतात. आपण २५ ला मुंबईहून उडतो आणि तिथे उतरतो तेव्हा टपऱ्या उतरवण्याचं काम चाललेलं असतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलांना बाजाराचे व्हिडिओ दाखवून महिनाभर तयार केलं होतं आणि प्रत्यक्षात ट्रकमध्ये चढणाऱ्या फळ्या दाखवल्या. व्हिएन्नाला शोनब्रुन राजवाड्यासमोरचा बाजार जानेवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालतो, तेवढा पर्याय आहे. २५ आणि २६ ला युरोपात दुकानं बंद असतात हे धरून चाला. लंडनमध्ये तर २५ तारखेला बस आणि ट्यूब धावतच नाहीत. जपानमध्ये हाच सन्नाटा १ ते ३ जानेवारीला असतो.

मे महिन्याच्या सुट्टीत न्यूझीलंडला जाऊन बर्फ गाठू, असंही काही जण म्हणतात. तिथला स्कीचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, आणि आपल्या शाळाही जूनमध्येच.

वयाबद्दल माझं मत ठाम आहे. चार वर्षांखालच्या मुलाला बर्फाच्या देशात नेणं ही आईबाबांची हौस आहे. हौस करायला हरकत नाही, पण ती मुलाच्या नावावर खपवू नये. त्या वयात थंडी म्हणजे पाच थरांचे कपडे, त्यात गुदमरणं आणि सगळं चढवून, चेन लावून, दाराबाहेर पाऊल टाकल्यावर 'आई, शू'. पाच ते दहा हा सुवर्णकाळ. स्की शाळा साधारण तीन-चार वर्षांपासून मुलं घेतात, पण आपल्या मुलाला बर्फाची सवय नसते, तेव्हा पाच-सहा बरं. दहाच्या पुढे मुलांना स्वतःचं काहीतरी हवं असतं. स्की शिकणं, आगगाड्यांचे नकाशे, फोटो काढणं, काहीही. ते दिलं नाही तर ती मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात, मग समोर आल्प्समधला आयगर असो की पर्वती.

ठिकाणांत पहिला मान स्वित्झर्लंडचा. यश चोप्रांनी तो देश आपल्या दिवाणखान्यात आणला. इंटरलाकेनला त्यांचा पुतळा आहे आणि टिटलिस शिखरावर शाहरुख-काजोलचा कटआउट. मुलांना दोघांशीही काही देणंघेणं नसतं. मराठी सहलींचा कळस म्हणजे युंगफ्राउयोख. १९१२ पासून आयगर पर्वताच्या पोटातून जाणारी आगगाडी ३,४५४ मीटरवर नेऊन सोडते. बोगदा, बर्फाचा महाल, वरची वेधशाळा, सगळं अभियांत्रिकीचं आश्चर्य आहे आणि मी ते दोनदा पाहिलं. पण सकाळी सहाशे मीटरवर नाश्ता केलेलं मूल दोन-अडीच तासांत साडेतीन हजारांवर पोचतं, हवा विरळ, डोकं जड. आमचा धाकटा तिथे एका बाकावर बसून होता आणि 'खाली कधी जायचं' एवढंच विचारत होता. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढं वर नेऊच नये. मोठ्या मुलांनाही वर धावू देऊ नका, पाणी पाजत राहा, आणि दोन तासांत उतरा.

त्या सहलीत मुलांना जे लाभलं ते बेर्ग्युनमध्ये. हे नाव आपल्या कार्यक्रमपत्रिकांत सहसा नसतं. ग्राउब्युंडेन प्रांतातलं, आल्बुला खोऱ्यातलं, साधारण १,३७० मीटरवरचं छोटं गाव. ऱ्हेटियन रेल्वेची लाल गाडी तिथून वर प्रेडाला जाते. दोन्ही गावांत सरळ अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण चढ एवढा की रूळ बोगद्यांत आणि पुलांवर वळसे घेत त्याच्या दुपटीहून लांब फिरतात. बोगद्यातून बाहेर यावं तर मघाचंच गाव पुन्हा खिडकीखाली, आणखी खाली गेलेलं. हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. प्रेडा ते बेर्ग्युन हा घाटरस्ता हिवाळ्यात गाड्यांना बंद करतात आणि त्याची सहा किलोमीटरची घसरपट्टी होते.

पद्धत अशी : बेर्ग्युनला लाकडी घसरगाडी भाड्याने घ्यायची, गाडीत चढवायची, प्रेडाला उतरायचं आणि घसरत खाली यायचं. मग पुन्हा स्टेशन. घसरगाडीला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. डावीकडे वळायचं तर डावी टाच बर्फात रोवायची, थांबायचं तर दोन्ही. पहिल्या वळणावर मी टाच रोवली ती एवढी जोरात की आम्ही दोघं कडेच्या ढिगाऱ्यात पालथे. धाकटा उठला, तोंडातला बर्फ थुंकला आणि म्हणाला, 'परत.' तो बाकावर बसलेला मुलगा हाच का, असं मला वाटलं. डोक्यावरून पुलावर लाल गाडी गेली, तिच्यातल्या मुलांनी हात केला, आमच्या मुलांनी केला. दुपारी दोन ते साडेपाच या वेळात आम्ही चारदा उतरलो. शेवटच्या फेरीला अंधार पडला होता आणि वाटेवरचे दिवे लागले होते. त्या रात्री थोरलीने जेवताना डोळे मिटले ते ताटावरच. पाच रात्री आम्ही त्या एका गावात काढल्या आणि काही बघायचं राहिलं म्हणून कुणी कुरकुरलं नाही. हेल्मेट मात्र घाला. तेही भाड्याने मिळतं.

स्वित्झर्लंडची एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्विस ट्रॅव्हल पास घेतला की त्याबरोबर मागून घ्यायचं फॅमिली कार्ड फुकट मिळतं, आणि सहा वर्षांपुढचं, सोळावा वाढदिवस न झालेलं मूल आई किंवा बाबांबरोबर विनातिकीट फिरतं. महागड्या देशात एवढी एक सवलत खरी आहे. टॅक्सीत मात्र १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरहून बुटक्या मुलाला वेगळं आसन लागतं. ते आधी सांगितलं नाही तर गाडीवाला बर्फात उभं ठेवून निघून जाऊ शकतो. आणि फुगीर जाकिटावर पट्टा आवळायचा नाही, तो सैल राहतो. जाकीट काढून पट्टा लावायचा, वरून जाकीट पांघरायचं.

बर्फ पडेलच याची खात्री आता आल्प्सही देत नाहीत. २०२३ च्या १ जानेवारीला युरोपात अनेक ठिकाणी उष्णतेचे विक्रम मोडले, कमी उंचीवरच्या कितीतरी स्की केंद्रांना हिरव्या उतारांमुळे टाळं लावावं लागलं. स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनची स्की शर्यत त्या आठवड्यात गवतातून ओढलेल्या कृत्रिम बर्फाच्या पांढऱ्या पट्ट्यावर झाली. म्हणून मुक्कामाचं गाव निदान हजार-बाराशे मीटरवर असावं आणि तिथून आणखी वर जायची सोय असावी.

फिनलंडचं रोव्हानिएमी हे सध्या मराठी घरांतलं नवं वेड आहे. लॅपलंड प्रांताची ही राजधानी. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळून टाकलेली, आल्व्हार आल्टो या वास्तुशिल्पकाराने रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात पुन्हा आखलेली. उत्तर ध्रुववृत्त शहराच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर आहे. १९५० मध्ये एलिनॉर रूझवेल्ट आल्या तेव्हा त्यांच्यासाठी ध्रुववृत्तावर घाईघाईने एक लाकडी खोपी बांधली, तिथून या जागेचं भाग्य उघडलं. १९८५ पासून तिथे सांताक्लॉजचं गाव आहे. आत जायला पैसे पडत नाहीत, सांताला भेटायलाही नाही. पैसे पडतात त्याच्याबरोबर काढलेल्या फोटोला, रेनडिअरच्या गाडीला आणि बाकी प्रत्येक गोष्टीला.

आपलं मूल सांतावर विश्वास ठेवतं का, हा खरा प्रश्न. मराठी मुलाला सांता भेटलेला असतो तो शाळेत, कापसाची दाढी लावलेल्या पी.टी.च्या सरांच्या रूपात. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीला सांतापेक्षा त्याच्या नावाची गंमत वाटली. फिनिश भाषेत त्याला 'योउलुपुक्की' म्हणतात, म्हणजे शब्दशः नाताळचा बोकड. ती आल्यापासून सगळ्यांना तेच सांगत होती. दुसरं तिला आवडलं ते पोस्ट ऑफिस. तिथे दोन पेट्या आहेत. एकीत टाकलेलं पत्र लगेच निघतं, दुसरीतलं पुढच्या नाताळाला. तिने साताऱ्याच्या आजीचं पत्र दुसरीत टाकलं, कारण 'आजीला वाट बघायला आवडतं'.

डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य जेमतेम दोन तास क्षितिजाला टेकून असतो. बाकी वेळ निळसर संधिप्रकाश, आणि मग अंधार. पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो. उत्तरध्रुवीय प्रकाश दिसण्यासाठी निरभ्र आकाश लागतं आणि सहसा रात्री उशिरापर्यंत जागावं लागतं, म्हणजे मूल बर्फात उभं राहून झोपेने रडणार. ज्यांना तो प्रकाश हवाच आहे त्यांनी एकाने मुलांजवळ थांबावं आणि दुसऱ्याने जावं. तीन रात्रींहून जास्त तिथे मुलांबरोबर काढू नयेत असं माझं मत, आणि ते तिथे जाऊन आलेल्या तिन्ही घरांनी मान्य केलं.

जपानबद्दल मी जरा पक्षपाती आहे. साप्पोरोचा प्रसिद्ध हिमोत्सव १९५० मध्ये शाळकरी मुलांनी बागेत केलेल्या सहा पुतळ्यांपासून सुरू झाला, पण तो फेब्रुवारीत असतो, आपल्या सुट्टीत बसत नाही. बसतं ते आसाहिकावा शहरातलं आसाहियामा प्राणिसंग्रहालय. बर्फ साचला की तिथले पेंग्विन व्यायामासाठी रोज ओळीने फेरी मारतात आणि मुलं दोरीच्या अलीकडे बसून, हातभर अंतरावरून, त्यांच्या पोटाची उंची मोजतात. नागानो भागात जिगोकुदानीला गरम पाण्याच्या कुंडात बसलेली माकडं बघायला बर्फातून दीड किलोमीटरहून थोडं जास्त चालावं लागतं. 'माकडं बघायला जपान? महाबळेश्वरला काय कमी आहेत?' हे बी विंगमधल्या आजोबांचं म्हणणं. पण महाबळेश्वरचं माकड हातातला मका पळवतं. ही माकडं डोळे मिटून बसलेली असतात, डोक्यावर बर्फ साचलेला. जुळ्या बहिणी पाऊण तास हलल्या नाहीत.

साप्पोरो आणि आसाहिकावा ज्या बेटावर आहेत त्या होक्काइडोत मोठ्या मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये साप्पोरोच्या विद्यापीठात जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक बनवला. पाण्याच्या वाफेला टेकायला त्याने थंड खोलीत सशाचा केस टांगला होता. तापमान आणि दमटपणा बदलला की स्फटिकाचा आकार बदलतो, कधी चांदणी, कधी सुई, कधी सहा कोनांची चकती, हे त्याने दाखवलं. गडद लोकरी बाहीवर पडलेला कण एका साध्या भिंगातून बघा. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत मुलांची अर्धी दुपार जाते. सगळ्या सामानात भिंगाइतकी हलकी आणि कामाची वस्तू दुसरी नाही.

जपानची पंचाईत शाकाहाऱ्यांची. भाजीच्या रश्शातही बोनिटो माशाचा अर्क असतो. खाऊच्या दुकानातला आंबट उमेबोशीचा भाताचा गोळा आणि सोबत नेलेलं मेतकूट, यावर दिवस निघतात. सर्दीची औषधं नेतानाही जपून. स्यूडोएफेड्रिन जास्त प्रमाणात असलेली औषधं तिथे चालत नाहीत.

खिसा बेताचा असेल तर अलमाटी. कझाकस्तानला भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, दिल्लीहून विमान चार तासांच्या आत पोचतं. शहराच्या वर १,६९१ मीटरवर मेदेऊचं प्रचंड स्केटिंगचं रिंगण आहे, तिथून रोपवेने शिम्बुलाकच्या स्की उतारांवर. शहरात हिवाळ्यात धुराचा पडदा असतो, वर चढलं की निळं आकाश. पहिल्यांदा बर्फात जाणाऱ्या घराला मी आता हेच सुचवते. आणि चार वर्षांखालचं पिल्लू असेल तर दुबई. बाहेर पुण्याच्या जानेवारीसारखी गोड हवा, आत मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून चालू असलेली बर्फाची बंदिस्त टेकडी, जाकीट-बूट तिथेच मिळतात, कंटाळा आला की दहा मिनिटांत उबेत. नाक मुरडणारे मुरडोत, मुलाला थंडी सोसते का याची ती स्वस्त चाचणी आहे. सिंगापूरला डिसेंबर म्हणजे पाऊस, ऑस्ट्रेलियाला उन्हाळा; ते विषय वेगळे.

कपड्यांवर दुकानदार जेवढं बोलतात तेवढं बोलायची गरज नाही. एक नियम पाळा : अंगाला लागून सुती काही नको. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि थंडगार होतं. आजीने विणलेल्या खऱ्या लोकरीच्या स्वेटरला हसू नका, दुकानातल्या अर्ध्या मालापेक्षा तो बरा. कानटोपीला तर नाहीच. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे ऊबदार, आणि दोन जोड घ्या, कारण एक जोड दुपारपर्यंत भिजतोच. बूट अर्धा नंबर मोठे. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, तेव्हा थंडीतही चष्मा आणि सनस्क्रीन लागतं. आम्ही पहिल्या वर्षी हे विसरलो आणि दोन्ही मुलांची नाकं सोलली. बोट किंवा कान पांढरा पडून बधिर झाला तर चोळू नका. आत न्या, कोमट पाण्यात ठेवा, आणि रंग परतला नाही तर डॉक्टर. युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो.

खाण्याचं थोडं. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरी ठेवा. बाकरवडी, भाजणी, मेतकूट चालतं. बर्फात बर्फी नेता येत नाही, हे आमच्या धाकट्याचं आवडतं वाक्य झालं आहे. आणि भाड्याच्या घरात फोडणी देताना आधी खिडकी उघडा. आम्ही उघडली नव्हती. मोहरी तडतडली आणि दुसऱ्या क्षणी अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजला, जिन्यात सहा घरांची माणसं स्लीपर घालून उभी, मालकीणबाई धावत वर आल्या. त्यांना पिठलं काय असतं हे समजावताना मला जर्मन येत नव्हतं आणि त्यांना मराठी. शेवटी त्यांनी एक घास खाल्ला आणि खिडकीकडे बोट दाखवून गेल्या.

झोपेचा हिशेब ठिकाण ठरवतानाच करावा. पुण्यात सात वाजता उठणारं मूल स्वित्झर्लंडमध्ये पहाटे अडीचला टक्क जागं होतं आणि साप्पोरोत साडेदहापर्यंत लोळतं, तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पहिले दोन दिवस म्हणून काहीच ठरवू नका. पहाटे अडीचला चित्रकलेची वही काढा, दिवा लावा, आणि खिडकीबाहेर बर्फ पडत असेल तर तोच कार्यक्रम समजा.

खर्चाचा आकडा मी देत नाही, तो तुमच्या विमानावर आणि धाडसावर अवलंबून आहे. एवढंच सांगते की तोच पैसा आठ गावांत उधळण्यापेक्षा एका गावात खर्च केला तर घसरगाडीच्या फेऱ्या जास्त होतात. सहा वर्षांखालच्या मुलाला शेंगेन व्हिसाचं शुल्क नाही, ६ ते ११ पर्यंत ४५ युरो, मोठ्यांना ९०. मुलाच्या अर्जावर आई-बाबा दोघांच्या सह्या लागतात, आणि किमान ३० हजार युरोंचा आरोग्य विमा. नोव्हेंबरात व्हिसा केंद्रांत भेटीची वेळ मिळता मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे २६ डिसेंबरला निघायचं असेल तर २६ जूनपासून. शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक तोवर हातात आलेलं असतं. गुलाबी जाकीट येत्या हिवाळ्यासाठी मोकळं आहे. वय सात ते नऊ, डाव्या खिशाची चेन जरा अडकते.